वाळवणीतली घट

आक्का,

तुला दिलेला शब्द मी उद्या मोडणार आहे. मोडायच्या आधी तुझ्या कानावर घालावं म्हणून हे लिहिते आहे. तू असतीस तर समोर बसून सांगितलं असतं. तू चिडली असतीस, दोन दिवस अबोला धरला असतास आणि तिसऱ्या दिवशी फोन करून "जेवलीस काय गं?" म्हणून विचारलं असतंस. आता तर अबोला कायमचाच आहे, मग मी घाबरू कशाला? तरी घाबरते आहे.

काल हौसामावशी आली होती. तुझ्या पलीकडच्या दाराची हौसामावशी, तुझ्या सुपाला सूप लावून इतकी वर्षं बिड्या वळलेली. निपाणीहून एकटी बस धरून बेळगावात उतरली आणि विचारत विचारत माझ्या हिंडलग्याच्या खोलीवर आली. जिनं कधी संकेश्वरच्या पुढं पाऊल टाकलं नाही, ती! मला वाटलं, गल्लीत कुणाचं काही बरंवाईट झालं. पाणी प्यायली, माझी खोली न्याहाळली, किती वाळलीस म्हणाली. मग पदर तोंडावर धरून हळूच बोलली.

"सुमे, तुझ्या आक्काला देत होतीस तो पाला मला बी थोडा दे की. माझ्या गालात आतनं कायतरी झालंय."

मी चहाचा कप खाली ठेवला. तिला म्हटलं, मावशी, कुठला पाला? तर म्हणाली, सदाफुलीचा, आक्का तव्यावर भाजून लावायची तो. मी म्हटलं, अगं, पण आक्का गेली ना? यावर तिनं काय सांगितलं ठाऊक आहे? आक्काला उशीर झाला म्हणून गुण आला न्हाय, मी येळेवर लावते, म्हणाली.

आक्का, तुझ्या मरणातून त्या बाईनं हे घेतलं. आणि तिचं तरी काय चुकलं? तू गेल्यावर गल्लीतल्या एकीलाही मी खरं सांगितलेलं नाही. तूच सांगू नको म्हणाली होतीस ना!

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. दाजी गेल्यावर तू माहेरी परत आली होतीस, एकवीस-बावीस वर्षांची. दुसरं लग्न कर म्हणून सगळे मागं लागले, तू म्हणालीस पोरगी शिकू दे आधी. मी शिकतच राहिले आणि तू सूप मांडीवर घेऊन बसलीस ती बसलीसच. सकाळी तंबाखूच्या वखारीत पाला निवडायचा, दुपारनंतर बिड्या. घरात तंबाखूचा वास असा मुरलेला की शाळेत पोरी माझी वही नाकाला लावून हसायच्या. मला तुझी लाज वाटायची, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असणार.

आणि तुझी मशेरी! सकाळी उठून पहिलं काम तेच. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, बोटानं चुरायची आणि दारात बसून दातांना लावायची. मी दहावीत असल्यापासून भांडत होते. तू म्हणायचीस, मशेरी लावल्याबिगर डोस्कं चालत न्हाय. कॉलेजात गेल्यावर तुला चित्रं आणून दाखवली, गालाला भोकं पडलेली. तू बघितलीस आणि "बिचारी" म्हणून परत दिलीस.

त्या चित्रांमुळंच तर मी या कामाकडं वळले, आक्का. बेळगावात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा सरांनी विषय काय घेणार विचारलं आणि मी म्हटलं, कॅन्सरच्या औषधाशी संबंध असलेलं काहीही. सदाफुली मिळाली. तुळशीवृंदावनाशेजारी, कुंपणाला, कुठंही उगवणारी ती गुलाबी फुलांची सदाफुली. तिच्या पानातून कॅन्सरवरची दोन औषधं निघतात, हे जगाला आधीच माहीत होतं. माझं काम अगदी साधं होतं. पान कसं वाळवलं म्हणजे त्यातला औषधाचा अंश टिकतो, एवढंच शोधायचं.

आणि मला तेवढंही जमेना! कंग्राळीत एका शेतकऱ्याच्या तुकड्यात सदाफुली लावली होती. तिथून पाला आणून मी खोलीत पेपरवर पसरायची, तर कडा काळ्या पडायच्या, खाली बुरशी धरायची. उन्हात घातला तर जळायचा. दोन खेपा फेकून दिल्या. तेवढ्यात तू संकष्टीला मोदक घेऊन आलीस आणि दारातच थांबलीस.

"असं वाळवत्यात व्हय पान?"

मला राग आला होता. एम.एस्सी. मी झाले होते! पण तू पदर खोचून खाली बसलीस. एक पान उचललंस, देठाशी दाबलंस, कानाजवळ नेऊन मोडलंस. वरनं वाळलंय, शिरंत पाणी तसंच हाय, म्हणालीस. दहाव्या वर्षापासून तंबाखू हाताळणारी तू. कडक उन्हात पान उचललं तर चुरा होतो, पहाटे दवानं मऊ पडलं की मगच हलवायचं, हे तुला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. मला ते पुस्तकात शोधूनही सापडलं नव्हतं.

मग आपला रिवाज ठरला. एक शनिवार सोडून एक शनिवार मी कंग्राळीहून पाला तोडून आणायची, प्रयोगशाळेत तोलायची, पोत्याला ओलं फडकं गुंडाळून निपाणीची बस धरायची. तू परसातल्या छपराखाली बाजल्यावर जुनी साडी ताणून बांधली होतीस, खालून-वरून वारा लागायला. पहाटे उठून एकेक पान उलटवायचीस. पुढच्या खेपेला गेलं की खडखडीत, तरीही हिरवागार पाला पोत्यात भरून तयार.

पहिली खेप औषधाचा अंश मोजणाऱ्या मशीनमध्ये घातली तेव्हा कागदावर रेघ वर चढत गेली. उन्हात वाळवलेल्यापेक्षा, भट्टीत वाळवलेल्यापेक्षा उंच. सर दोनदा चष्मा पुसून बघत होते. तो कागद मी तुला दाखवायला आणला, आठवतंय? तू उलटासुलटा धरलास आणि विचारलंस, "ह्यात माझं टेकाड कुठलं गं?" मी बोट ठेवून दाखवलं. तू तो कागद देवाच्या फळीवर लावून ठेवलास. प्रबंधात मी त्याला काय म्हटलं माहीत आहे? 'स्थानिक पारंपरिक पद्धत.' तुझं नाव घालावं असं माझ्या मनातही आलं नाही बघ.

आता मुख्य गोष्टीवर येते. टाळते आहे मघापासून.

एका शनिवारी तुझ्या ओट्यावर बायका बिड्या वळत बसल्या होत्या आणि मी पोतं उतरवून घेत होते. कुणीतरी विचारलं, या पाल्याचं करतीस काय? मी कंबरेवर हात ठेवून मोठ्या ऐटीत सांगितलं, यातनं कॅन्सरचं औषध निघतं. सगळ्यांचे हात थांबले. हौसामावशीनं तोंडाला पदर लावला. तू माझ्याकडं बघत राहिलीस. तुझं ते बघणं मला अभिमानाचं वाटलं.

पुढचं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. पोतीच्या पोती पाला लागतो तेव्हा नखावर मावेल एवढं औषध हाती येतं. ते आधी शुद्ध करावं लागतं, कारण पानात दुसरं विषही असतं. ते पोटात घ्यायचं नसतं, जखमेवर लावायचं नसतं, मापून शिरेतून देतात. आणि तेही सगळ्या कॅन्सरवर चालत नाही, रक्ताच्या आणि आणखी काही थोड्या आजारांवर चालतं. तोंडातल्या जखमेला पानाचा काडीचा उपयोग नाही. हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? पाच मिनिटं. पण बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि मला ते आवडत होतं. बसची वेळही झाली होती.

मोबाईलवर असले मेसेज यायचे, अमुक पान चावा, तमुक काढा प्या. आम्ही प्रयोगशाळेत ते वाचून हसायचो. लोक कसा विश्वास ठेवतात, असं मीच म्हणायची.

त्यानंतर काही दिवसांनी तू फोनवर सांगितलंस, मशेरी सोडली म्हणून. माझा विश्वास बसेना. इतकी वर्षं भांडून जे झालं नाही ते आपोआप झालं! त्या आनंदात मी शहापुरात गेले आणि हातमाग असलेल्या घरातूनच तुझ्यासाठी हिरवी साडी आणली, लाल काठाची. तुझ्या अंगावर टाकली तेव्हा तू खाली बघत होतीस. मला वाटलं, लाजलीस. तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं गं? एकदा तरी म्हणायचं होतंस, सुमे, मी तंबाखू सोडली पण मशेरीची डबी सोडली नाही.

डबीत माझाच पाला होता. मोजूनमापून आणलेला, प्रयोगशाळेचा.

मला दिसायला हवं होतं. खेपेमागून खेप वजन कमी भरत होतं. ओला पाला मी तोललेला, सुका मी तोललेला, मधे फक्त तू. पहिल्या दोन खेपांना ठीक होतं, तिसरीपासून घट वाढायला लागली. मी चिडले. फोन करून तुला ताडकन विचारलं की पाला जातो कुठं, तुझ्या शेजारणी नेतात काय? तू हसलीस. वाळलं की उतरतंय गं, म्हणालीस. मी म्हटलं, नीट लक्ष दे, हे माझ्या पीएच.डी.चं काम आहे, पोरखेळ नाही. तू बरं म्हणालीस.

तुझ्या तोंडात तेव्हा जखम होती आणि मी तुला पाल्यावरून बोलत होते.

वहीत मी त्या खेपांपुढं लिहिलं, 'वाळवणीतली घट जास्त.' पुढं प्रबंधात त्याला कारणही दिलं. हाताने पान उलटवताना बारीक चुरा वाऱ्याने उडून जात असावा, असं. इंग्रजीत तर ते इतकं छान वाटत होतं! सरांनी त्यावर बरोबरची खूण केली होती.

दिवाळीत तू चटणी ताटाबाहेर सारलीस. भाकरी दुधात कुस्करून घेतलीस. दाढ दुखते म्हणालीस. मी म्हटलं, काढून टाक एकदाची. साडीचा काठ वर धरून चालत होतीस, कारण ती कंबरेला राहत नव्हती. मळमळतं म्हणालीस तर मी तुला पित्ताची गोळी दिली. मी, कॅन्सरवर काम करणारी मी! मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं तशी मी आपल्या कामात डोकं घालून बसले होते. आता कपाळावर हात मारून घेते तर त्याचा आवाज तुला थोडाच ऐकू येणार आहे.

मग ती सकाळ. कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली म्हणून न कळवता पहिल्या बसनं निघाले. तू मागच्या दारात चुलीवर तवा ठेवून बसली होतीस. वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. तो तंबाखूचा वास नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत पाला दळताना येतो तो कडवट हिरवा वास होता, फक्त जळका. तू घाईनं पदर तव्यावर धरलास, हाताला चटका बसला तरी.

मी विचारलं, आक्का, हे काय?

"औषध," तू म्हणालीस. तोंड पुरतं उघडत नव्हतं, शब्द ओठांतल्या ओठांत येत होते. "तुझंच हाय की."

त्यानंतर आजवर मला कुणी इतकं वाईट बोललेलं नाही. आणि तू ते किती मायेनं म्हणालीस!

दवाखान्यात नर्स "कूडरी अक्का, कूडरी" म्हणत तुला बसवायला आली, तू तिच्याशी कानडीत दोन शब्द बोललीस, तिची आई कुठली ते विचारलंस. डॉक्टरांनी किती दिवस झाले विचारल्यावर चार महिने म्हणालीस. मी खोलीबाहेर गेल्यावर त्यांना खरं सांगितलंस. मी पहिलं पोतं घेऊन आले त्याच्याही आधीपासून जखम होती. म्हणजे वर्ष होऊन गेलं होतं. मी ओट्यावर उभी राहून ऐट मारली त्या दिवशी तू माझ्याकडं तशी का बघत राहिलीस, ते मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर कळलं.

डॉक्टर मला रागावले नाहीत. सुरुवातीला आणलं असतं तर थोडंसं कापून निभावलं असतं, एवढंच म्हणाले. मग विचारलं, जखमेला काय लावत होत्या? मी सांगितलं. हे कुठून मिळालं त्यांना? मी म्हटलं, माझ्याकडून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तू मला का नाही सांगितलंस, आक्का? हा प्रश्न मी तुला तेव्हाही विचारला होता. तू म्हणालीस, तुझं पुस्तक व्हायचं होतं, मधेच दवाखाना लागला असता तर? आणि औषध तर घरातच होतं. तुला खरंच वाटत होतं ना की ते बरं होणार आणि एक दिवस तू मला तोंड दाखवून म्हणणार, बघ, तुझ्या पाल्यानं बरं केलं? मला तुझा राग येतो. आजही येतो. स्वतःचा जीव असा कुणी भाजून बघतं काय?

पहिलं सलाईन लावलं तेव्हा तू बाटलीकडं बोट दाखवलंस. ह्यात तुझं पान हाय काय, विचारलंस. मी म्हटलं नाही, यातलं एक औषध दुसऱ्या झाडाचं आहे, थंड डोंगरांत वाढणाऱ्या. तू मान डोलावलीस, झाडाचंच न्हवं, मग बरं, म्हणालीस. आणि तिथं, त्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून मी तुला सगळं समजावून सांगितलं. पोत्यांतून निघणारं नखभर औषध, पानातलं विष, शिरेतून देणं, कुठल्या आजाराला चालतं नि कुठल्या नाही. पाच मिनिटंच लागली. तू लहान मुलीसारखं नीट ऐकलंस.

"असं हाय व्हय," तू म्हणालीस. "मग आधी सांगायचं की गं."

तू रागानं म्हणाली नाहीस. रागानं म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. ते वाक्य मी रोज ऐकते. भाजी निवडताना, बसमध्ये, पाला तोलताना. रोज.

पौषात तू जायच्या आदल्या आठवड्यात माझा हात धरलास. आवाज जवळजवळ गेला होता, मी कान तुझ्या ओठांशी नेला. माझ्या तोंडात तुझं पान होतं हे कुणाला सांगू नकोस, म्हणालीस. लोक म्हणतील सुमीच्या औषधानं बहीण गेली, तुझं पुस्तक बुडेल. माझी शपथ घे म्हणालीस. मी घेतली. तेव्हा तू मागितलेलं काहीही दिलं असतं. आणि खरं सांगू? मला सोयीचंही होतं. तुझी शपथ पुढं केली की मला कुणाला तोंड द्यायला लागणार नव्हतं.

तसं पाच महिने चाललं. मग काल हौसामावशी.

ती बोलता बोलता सहज सांगून गेली की गल्लीत आणखी तिघींकडं डब्या आहेत. तू दिलेल्या. एकीची हिरडी सुजते, एकीला नुसतीच भीती वाटते म्हणून लावते, तिसरीचं काय ते मावशीला माहीत नाही. आक्का, तू वाटलास पाला? म्हणजे घट एवढी वाढली ती त्यामुळं! मला हसावं की रडावं कळेना. तुझ्या हातात चांगली वस्तू पडली आणि तू एकटीनं ठेवली, असं कधी झालंय का? मोदक असू दे, लोणचं असू दे, माझं औषध असू दे.

मावशीला मी काल खरं सांगितलं नाही. जीभ उचलली नाही गं. आधी डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर ती फुगून बसली. बहिणीला दिलास, मला नको व्हय, म्हणाली. शेवटी दवाखान्यात आलीस तर मग बघू, असं काहीतरी बोलून आज सकाळी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी गालातला तुकडा तपासायला घेतला. निकाल यायचा आहे. लहानच आहे, आत्ता आलात हे चांगलं झालं, म्हणाले. मावशी रिक्षात बसल्यावर पहिलं काय म्हणाली? आता पाला दे.

दुपारी मी सरांकडं गेले. सगळं सांगितलं, म्हणजे तुझी शपथ तिथंच अर्धी मोडली. डबी, तवा, घटीच्या खेपा, वाऱ्यानं उडालेला चुरा. सरांनी वहीतली ती पानं काढून पाहिली. मग म्हणाले, त्या खेपा काढून टाक, पुन्हा कर, सहा महिने लांबेल. आणि काढल्या का, ते कारण लिहावं लागेल, काय लिहिशील? मी तिथंच वही ओढली आणि लिहिलं. या खेपांतला काही पाला तो वाळवणाऱ्या बाईंनी, माझ्या थोरल्या बहिणीनं, स्वतःच्या तोंडातल्या जखमेला लावला आणि शेजारणींना दिला. खाली तुझं पूर्ण नाव लिहिलं. सरांनी वाचलं आणि एक शब्दही बदलला नाही. तेव्हा पुस्तक बुडालेलं नाही, आक्का. लांबलंय फक्त. तू उगाच घाबरलीस.

काम मी सोडणार नाही, हेही तुला सांगून ठेवते. त्या पानाचा काय दोष? दूरच्या कुठल्या दवाखान्यात त्याच पानातल्या औषधानं एखादं लेकरू बरं होऊन घरी जात असेल. पण पान आणि औषध यांच्यामध्ये किती माणसं, किती वर्षं, किती चुका असतात हे तुझ्या ओट्यावर कुणालाच ठाऊक नाही. ते सांगणं माझं काम होतं.

उद्या रविवार. बायका तुझ्या ओट्यावरच बसतात अजून, सूप घेऊन. मी जाणार आहे, त्यांच्यात खाली बसणार आहे आणि सांगणार आहे की सदाफुलीच्या पानानं माझी आक्का बरी झाली नाही, त्या पानाच्या भरवशावर राहिली म्हणून गेली, आणि तो भरवसा तिला मी दिला. कुणीतरी म्हणेलच, म्हणजे तुझ्यामुळं की. म्हणू दे. मी खाली मान घालून ऐकेन. हौसामावशी माझ्याशी बोलायची नाही कदाचित. त्या तिघींच्या डब्या मी मागून घेणार आहे. नाही दिल्या तर दारात बसून राहणार आहे, तुझीच बहीण आहे मी.

एक गोष्ट राहिली. आई गेली त्या वर्षी मी जेवत नव्हते, तेव्हा तू मला मांडीवर घेऊन भरवायचीस. घास बोटांत धरून "आ कर" म्हणायचीस, मी ओठ घट्ट मिटायची, तू पुन्हा म्हणायचीस. दमायची नाहीस. मी खाईपर्यंत तुझ्या पोटात अन्न जायचं नाही. आणि मी मोठी झाल्यावर, एवढं शिकल्यावर, वर्षभर एक शनिवार सोडून एक शनिवार तुझ्यासमोर बसून चहा प्याले, पाला तोलला, टेकाडं दाखवली, आणि आक्का, एकदाही तुला म्हटलं नाही, आ कर.

उद्यापासून म्हणणार आहे. तुझ्या ओट्यावरच्या प्रत्येकीला, मग वखारीतल्या बायकांना, मग पुढच्या गल्लीत. मोबाईलचा उजेड धरून प्रत्येकीचं तोंड बघणार, संशय आला की हाताला धरून दवाखान्यात नेणार. कुणी ओठ मिटले तर पुन्हा म्हणणार. दमणार नाही. ही शपथ तू न मागता घेते आहे, आणि ही मोडणार नाही.

तुझ्या हातचं खाऊन वाढलेली,
सुमी